शून्याच्या खाली काय असते?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, ग्वाल्हेर येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच मांडवात आम्ही, सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी, मुलांना एक प्रयोग दाखवला होता. बाप्पाच्या जास्वंदीचा रस लिंबाने गुलाबी झाला, धुण्याच्या सोड्याने हिरवा. मग आम्ही सामू, म्हणजे पीएच, समजावला : शून्य ते १४, मध्ये ७, पिण्याच्या पाण्याचा ६.५ ते ८.५ हवा. तेव्हा एका चिमुरडीने विचारले, ‘‘काका, शून्याच्या खाली काय असतं?’’ आम्ही म्हणालो, ‘‘काही नसतं.’’ डिप्लोमाला आम्ही तेवढेच शिकलो होतो. पण उत्तर चुकले होते. ते आज सर्वांसमोर दुरुस्त करतो.

शून्याखालीही आम्ले आहेत. मात्र ज्यात पाणी जवळजवळ नसतेच, अशा तीव्र आम्लात सामूची पट्टी चालत नाही. मग ताकद मोजायची कशी? पैलवानाची ताकद मिशांवरून कळत नाही, त्याने कुणाला चीत केले यावरून कळते. अमेरिकेत लुई हॅमेट यांनी १९३२ मध्ये हीच युक्ती वापरली. आम्लापुढे सहजी न बदलणारे, एकापेक्षा एक हट्टी रंग त्यांनी निवडले. जे आम्ल अधिक हट्टी रंगाला बदलायला लावते, ते अधिक बलवान. या पट्टीवर शुद्ध सल्फ्युरिक आम्ल उणे १२ वर येते. एक अंक खाली म्हणजे ताकद दहापट. सल्फ्युरिकहून बलवान ते महाआम्ल. फ्लुओरोअँटिमोनिक आम्ल तर उणे २० च्याही खाली जाते, म्हणजे दहा कोटी पटींहून अधिक! ते काचही खाते, म्हणून टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवतात.

पण बलवान म्हणजे विध्वंसकच, असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले, मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे प्रा. गणपती यादव (पद्मश्री, २०१६) यांनी ‘यूडीकॅट’ नावाची घन उत्प्रेरके तयार केली. त्यांतली काही महाआम्ले आहेत आणि ती चक्क भुकटीच्या रूपात असतात. अशा भुकटीची ताकद मोजायला तिच्यावर अमोनिया बसवून हळूहळू तापवतात. अमोनिया जितक्या जास्त तापमानाला सुटेल, तितकी आम्लाची पकड घट्ट.

आम्हा पाणीवाल्यांना याचे मोल कळते. कारखान्यात द्रव सल्फ्युरिक आम्ल वापरले की शेवटी ते अल्कली घालून शमवावे लागते आणि क्षारांनी भरलेले सांडपाणी उरते. भुकटी मात्र गाळून परत वापरता येते. नदी-नाल्यावरचा तेवढा भार हलका होतो.

ती मुलगी आज इथे बसली असेल, तर बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. आणि आम्हा मोठ्यांनीही यापुढे ‘काही नसतं’ म्हणण्याआधी ‘बघून सांगतो’ म्हणायची सवय लावून घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!