डोंगरवाटेवरचा सोबती कसा निवडावा?

(महाविद्यालयीन युवकांपुढे केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीच्या वाटा आपणांस खुणावू लागतात. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार गिर्यारोहकाचा नव्हे, एकदा फसलेल्या प्रवाशाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तीसेक जण हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. खिरेश्वरहून टोलार खिंड गाठली, वरचा कातळटप्पा कठडा धरून पार केला, आणि पठारावर दाट धुके उतरले. आमचे मार्गदर्शक थबकले. या वाटेने ते प्रथमच येत आहेत, हे तेव्हा कळले! वर्गणी गोळा करण्यात मात्र ते वाकबगार होते. दोन तासांच्या भटकंतीनंतर पाचनईचा एक गुराखी भेटला आणि त्याने आम्हांस देवळापर्यंत सुखरूप नेले.

वाट ठाऊक असणे ही पहिली पात्रता, हे त्या दिवशी पटले. पण एखाद्याचा पाय मोडला असता तर? मोडलेल्या पायास फळी बांधणे, दोर लावून जखमीस खाली उतरविणे, भिजून गारठलेल्यास ऊब देणे, हे शिक्षणाने येते. त्याची अपेक्षा त्या गुराख्याकडून करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून प्रशिक्षित नेता आणि त्याच्या जोडीला गावचा वाटाड्या, तोही योग्य मोबदला देऊन घेतलेला, अशी जोडी मी इष्ट मानतो.

प्रशिक्षणाची सोय आपल्या देशात जुनी आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ मध्ये स्थापन झाली. तेथे प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रमांबरोबरच शिकविण्याच्या पद्धतीचाही स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रमाणपत्र पाहावयास मागण्यात संकोच कसला? मात्र बर्फावर मिळविलेले कौशल्य आपल्या घसाऱ्यावर, शेवाळलेल्या कातळावर आणि पावसात क्षणात फुगणाऱ्या ओढ्यात जसेच्या तसे उपयोगी पडेलच असे नाही. आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर वा अत्तर नको, हेही ठाऊक असावे लागते.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. ती नोंदणी पाहावीच. पण नोंदणी संस्थेची असते आणि दोर धरणारा माणूस वेगळा असतो. पैसे भरण्यापूर्वी त्या माणसाचे नाव विचारा. त्याने ही वाट कधी केली, तीही पावसात केली काय, एका नेत्यामागे किती जण असतील, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे राहील, हे सारे विचारा. प्रश्नांनी जो चिडतो, त्याच्यामागे न गेलेले बरे.

आणखी एक प्रश्न मी हल्ली आवर्जून विचारतो: “आपण अर्ध्या वाटेतून परत कधी फिरलात?” गेल्या वर्षी एका तरुण नेत्याने मला तीन प्रसंग सांगितले. त्यांपैकी एकदा माथा अवघ्या अर्ध्या तासावर होता, पण नाळेत पाणी चढू लागले होते. मंडळी रुसली, काहींनी पैसेही परत मागितले. त्याने ते दिले. मी त्याच्याकडे नाव नोंदविले.