कॅमेरा कोणाच्या हाती?



श्रमिकांची छायाचित्रे काढणाऱ्यांची वानवा जगात कधीच नव्हती. काजळलेले चेहरे आणि घट्टे पडलेले हात प्रदर्शनात टांगले जातात, प्रेक्षक हळहळतो, आणि चित्रातला माणूस होता तिथेच राहतो. ह्या रिवाजाला अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकर्ती लाटोया रूबी फ्रेझियर यांनी छेद दिला. त्याचा विचार चळवळीतील कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.

त्यांचा जन्म १९८२ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडॉक ह्या पोलादनगरीतला. अँड्र्यू कार्नेगीने आपला अजस्र कारखाना १८७५ मध्ये तेथे सुरू केला आणि अमेरिकेतील आपले पहिले ग्रंथालयही १८८९ मध्ये तेथेच उघडले. एका हाताने ओरबाडावे आणि दुसऱ्याने दान करावे, ही रीत जुनीच! १९२० साली २० हजारांवर असलेली वस्ती २०२० च्या जनगणनेत २ हजारांच्याही आत आली. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत गेले. काळी कुटुंबे धूर आणि दुखणी सोसत मागे राहिली. आजी, आई आणि फ्रेझियर स्वतः, तिघींनाही आजारांनी गाठले.

ह्या तीन पिढ्या हाच ‘द नोशन ऑफ फॅमिली’ ह्या त्यांच्या चित्रमालिकेचा विषय. २०१४ मध्ये तिचे पुस्तक झाले. तीत आई नुसती कॅमेऱ्यासमोर बसलेली नाही; काही चित्रे तिनेच घेतली आहेत. दया दाखविणारा आणि दयेचा विषय, ही फाळणीच येथे मोडली.

२०१० साली ब्रॅडॉकचे रुग्णालय बंद झाले. त्याच वर्षी लेव्हाय्‌स कंपनीने ह्या भग्न गावाची दृश्ये आपल्या जीन्सच्या जाहिरातीत वापरली. तेव्हा फ्रेझियर यांनी त्याच कंपनीचे कपडे घालून न्यूयॉर्कच्या फरसबंदीवर अंग घासले, ते कापड फाटेपर्यंत. निषेधाला भाषणाची गरज पडली नाही.

पुढे २०१६ मध्ये त्या मिशिगनमधील फ्लिंट येथे जाऊन राहिल्या. सरकारी काटकसरीपायी तेथील नळांतून शिसेमिश्रित पाणी येत होते. संग्रहालयात टांगलेले दुःखही अखेर विकाऊ ठरते, ही शंका रास्त आहे. फ्रेझियर यांनी तिला कृतीने उत्तर दिले. प्रदर्शनातून आलेला पैसा त्यांनी हवेतून पाणी काढणाऱ्या यंत्राच्या कामी लावला, आणि २०१९ मध्ये ते यंत्र फ्लिंटमध्ये आले.

त्याच वर्षी ओहायोतील लॉर्डस्टाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना थांबला. तेथील कामगारांची चित्रे त्यांनी जुळणीपट्ट्याची आठवण देणाऱ्या सांगाड्यावर मांडली. सोबत निवेदने कामगारांचीच.

२०२२ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांना पारितोषिक मिळाले, तेही कार्नेगीच्याच नावाचे. कलाकृती होती बाल्टिमोरच्या वस्त्यांमधून काम करणाऱ्या आरोग्यसेवकांवरची. ती भिंतीवर टांगलेली नव्हती. सलाइन लावण्याच्या स्टँडवर एकेका सेवकाचे चित्र होते, आणि शेजारी त्याचे स्वतःचे शब्द.