जंजिऱ्याच्या दारी
(वार्षिक संमेलनात गव्हाण येथे झालेले भाषण)



गतवर्षी आपल्या गव्हाणची काही मंडळी मुरूडचा जंजिरा पाहून आली. त्यांत मीही होतो. तेथे मनात आलेले विचार आपणांपुढे ठेवावे, अशी चिटणिसांची आज्ञा आहे.

राजपुरीहून आम्ही शिडाच्या होडीत बसलो. होडी तटाशी अगदी भिडेपर्यंत दरवाजा कोठे आहे हे उमगत नाही. दारात, पंजांखाली हत्ती दाबून धरलेले वाघासारखे जनावर दगडात कोरलेले आहे. आत कलालबांगडी ही प्रचंड तोफ, पडक्या वाड्याच्या उंच भिंती, आणि चोहोंकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची दोन तळी!

हे वैभव कोणाचे? आफ्रिकेतील हबसाणातून आलेल्या सिद्दींचे. त्यांतील कित्येक गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनेत आले होते. निजामशाहीच्या चाकरीत तलवारीच्या व दर्यावर्दीपणाच्या बळावर ते वर चढले. १६१७ साली सिद्दी अंबराने जहागीर मिळविली. तेथपासून १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींनी जंजिरा हातचा जाऊ दिला नाही. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांचे हे कर्तृत्व आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

परंतु त्या तटाच्या जागी आधी आपला कोट होता. पंधराव्या शतकात चाच्यांपासून रक्षण व्हावे म्हणून कोळ्यांनी त्या बेटावर लाकडी मेढेकोट उभारला. त्यांचा नायक राम पाटील. निजामशाही सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या मिषाने आला, त्याने मद्याची पिंपे नजर केली, आणि कोट झिंगून पडला असता गलबतावरील पेट्यांतून सैनिक बाहेर पडले, अशी परंपरागत कथा आहे. बळाने जो कोट हाती येईना, तो पिंपांनी घेतला!

बंधुभगिनींनो, त्या पिंपांचा विचार माझी पाठ सोडीत नाही. आपल्या भोवतालची भातशेती गेली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ साली सागरी सेतू, २०२५ साली विमानतळ. उलव्यात दूरदूरची माणसे राहावयास आली. तीही पोटासाठीच आली आहेत. ती आपली वैरी नव्हेत. पण मोबदल्याचा पैसा हाती येताच हळदीच्या रात्री आपल्या मांडवात जे पिंप फुटते, ते कोणा परक्याने आणलेले नसते!

त्याच दर्यावर दुसराही एक पाटील होऊन गेला. शिवछत्रपतींच्या काळी लाय पाटलाने अंधाऱ्या रात्री याच जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. कुमक वेळेवर न पोहोचल्याने बेत फसला. तरी महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला. दर्यावरच्या माणसाने पालखी घेऊन काय करावे, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी ‘पालखी’ नावाचे गलबतच त्यास दिले, असे सांगतात.

एक पाटील निजला, एक जागा राहिला. आपली मुले यांपैकी कोणाचे नाव सांगणार, हे आपल्या हाती आहे. माझी विनंती एवढीच, की हळदीतील मद्याचा खर्च प्रत्येक घराने विद्यार्थी निधीस द्यावा. उपदेश करणाऱ्याने आरंभ स्वतःच्या घरून करावा. येत्या मार्गशीर्षात माझ्या नातीचे लग्न आहे. आपण सर्वांनी अगत्य यावे. मांडवात गोडधोड असेल, गाणी असतील, पिंप मात्र नसेल.