विचार चाललाय म्हणतोस, तर...

बेळगावच्या खासबागेत रविवारी बाजार भरतो. गेल्या रविवारी तिथं आमच्या गल्लीतला एक मुलगा भेटला. मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, पॉवरलूमवाल्यांचं लाईट बिल वाढलं, की आधी त्याला फोन जातो. आणि तो येतो. भाजीच्या पिशव्या घेतलेले दोघे-तिघे त्याला अडवून म्हणत होते, "महापालिकेला उभा राहा की आता." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, विचार चाललाय. काय करू सांगा." त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

बातमीदारानं राजकारणात पडूच नये, असं मी म्हणणार नाही. बेळगावात बसून तसं म्हणताच येत नाही. 'केसरी' चालवणारे लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले होते, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी होमरूल लीग काढली ती याच गावात. पुढं १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी इथं 'तरुण भारत' सुरू केला. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावला भरलं, त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हेही संपादकच, नागपूरच्या 'तरुण भारत'चे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला. आपल्याकडं वर्तमानपत्र आणि चळवळ एकाच घरात वाढली.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्र्यांनी मुंबईत 'मराठा' दैनिक काढलं आणि १९५७ ला ते दादरमधून आमदार झाले. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात प्रचार. तरी त्यात वाचकाची फसवणूक नव्हती. 'मराठा' विकत घेणाऱ्याला पहिल्या अंकापासून ठाऊक होतं की हे संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूनं लढणारं पत्र आहे. विद्याधर गोखल्यांची वाट वेगळी. 'लोकसत्ता'चं संपादकपद सोडून काही वर्षं झाल्यावर, १९८९ मध्ये, ते शिवसेनेकडून लोकसभेवर गेले. दोघांचाही मार्ग मला पटतो, कारण माणूस कुठं उभा आहे हे दोन्हीकडं लोकांना दिसत होतं.

मला भीती आहे ती "विचार चाललाय" या दिवसांची. सहा महिने, वर्षभर मन अर्धं ठरलेलं असतं आणि माईक मात्र रोज हातात असतो. आजच्या नगरसेवकाच्या वॉर्डातलं तुंबलेलं गटार तू दाखवतोस. लोकांचे हाल होतात म्हणून दाखवतोस, की उद्या तो तुझ्यासमोर उभा राहणार म्हणून? ज्याची मदत पुढं लागणार, त्याच्या बिल्डिंगचं वाढीव बांधकाम तुझ्या कॅमेऱ्यात येईल का? बघणाऱ्याला हे कळायला काहीच मार्ग नाही. कधीकधी तुझं तुलाही कळणार नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं उघडकीस आलं. पी. साईनाथ यांनी त्यावर सतत लिहिलं, प्रेस कौन्सिलनं चौकशी केली. तिथं निदान पैसे देणारा एक आणि छापणारा दुसरा होता. इथं दोन्ही तूच.

सरकारी शाळेतल्या मास्तराला अर्ज भरायच्या आधी नोकरी सोडावी लागते. चॅनेलवाल्याला असा कायदा नाही. तेव्हा तुझा नियम तूच घाल. मन झुकलं त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ये, "मी उभा राहायचा विचार करतोय" असं सरळ सांग आणि माईक दुसऱ्याच्या हातात दे. अर्ज भरायच्या दिवसाची वाट बघू नको.

उभं राहण्यात कमीपणा आहे, असं मात्र समजू नको. १९९६ च्या लोकसभेला आपल्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून साधीसुधी माणसं पदरचं डिपॉझिट भरून उभी राहिली आणि मतपत्रिकेचं पुस्तक झालं. त्यातल्या बहुतेकांना खुर्ची नकोच होती. त्यांचं उभं राहणं हीच बातमी होती. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

पण बाळा, एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. खासबाग हा विणकरांचा भाग. एका भिंतीला दोन घरं, अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड. आज दोन्ही घरांतून तुला फोन येतो. उमेदवार झालास की पहिला प्रश्न येईल, "हा कुणाचा?" सीमाभागात या प्रश्नातून कुणी सुटत नाही, आणि उत्तर द्यायला मी तुला अडवणारही नाही. मीही माझं उत्तर आयुष्यभर देत आलोय.

फक्त त्या पलीकडच्या घरातल्या आजींचा विचार कर. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलं. ताणा भिजला, आठवड्याची मजुरी गेली. रात्री अकराला त्यांनी कन्नडमध्ये तुला फोन केला आणि गुडघाभर पाण्यातून तू गेलास. तू उभा राहिलास, तर यंदाच्या पावसात त्यांनी फोन कुणाला करायचा, तेवढं ठरवून मग अर्ज आणायला जा.