पत कोणाची, नोंद कोणाकडे?



पूर्वी सावकाराची वही सहसा गावाची वेस ओलांडत नसे. (त्या वहीने शेतेही गिळली, हे विसरून चालणार नाही.) आज कर्जदाराची नोंद चार पतमाहिती कंपन्यांकडे जाते. २००५च्या कायद्याने बँकांना ती देणे बंधनकारक आहे. ग्राहकाने नको म्हटले म्हणून ती थांबत नाही. थकलेला हप्ता, क्रेडिट कार्डाची बाकी, इतकेच काय, भावाच्या कर्जाला दिलेली जामीनकीही तीत येते. भावाचे हप्ते थकतात आणि मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या जामीनदाराला बँकेच्या दारातून परतावे लागते. एकत्र कुटुंबात जामीनकी शब्दावर दिली जाते. संगणकाला नाते कळत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र कर्ज थकविणाऱ्याची मालमत्ता व देणी शोधण्यासाठी त्यात सूट आहे. ती अनाठायी म्हणता येणार नाही. बुडणारा पैसा अखेर ठेवीदारांचा असतो.

खरा प्रश्न चुकीच्या नोंदीचा आहे. फेडलेले कर्ज थकीत दिसले तर? प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. किती घरांत तो मागवला जातो? दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रतिदिन १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीची तारीख आणि क्रमांक तेवढा जपून ठेवावा.