साउथ जॉर्जियाचे हत्ती सील

दक्षिण अमेरिकेचं टोक मागे टाकून अटलांटिक महासागरात पूर्वेकडे बरंच आत गेलं, की साउथ जॉर्जिया नावाचं बेट लागतं. मधोमध बर्फाचे डोंगर, औषधालासुद्धा झाड नाही. कायमची मनुष्यवस्ती नाही. ब्रिटनचे मोजके अधिकारी आणि शास्त्रज्ञ पाळीपाळीने राहतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात, जगातल्या दक्षिणी हत्ती सीलपैकी जवळजवळ निम्मे याच बेटाच्या किनाऱ्यावर येतात.

नराचं नाक सोंडेसारखं लोंबतं, म्हणून हे नाव. वजन चार टनांपर्यंत. मादी त्यामानाने पुष्कळच लहान. जन्मलेलं पिल्लू चाळीसेक किलोचं असतं. आई त्याला सुमारे तीन आठवडे पाजते आणि तेवढे दिवस स्वतः अन्नाला तोंड लावत नाही. पिल्लाचं वजन तिप्पट होतं, आई खंगते, आणि एके दिवशी त्याला वाळूवर तसंच सोडून समुद्रात निघून जाते. पोहायचं, पोट भरायचं, हे पिल्लाने आपलं आपणच शिकायचं.

या बेटावर माणूस आला तो लुटीसाठीच. कॅप्टन कुक १७७५ साली इथे उतरला. त्याने इथल्या सीलची बातमी नेली आणि मागोमाग शिकारी जहाजं आली. १८००-०१ च्या एका हंगामात एका अमेरिकन जहाजाने फर सीलची सत्तावन्न हजार कातडी नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी फर सील इथून संपल्यातच जमा होते. १९३० च्या दशकात शेजारच्या बर्ड आयलंडवर त्यांची एक लहानशी वसाहत आढळली आणि त्यातून ही जात पुन्हा लाखांवर गेली.

देवमाशांचं असं झालं नाही. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन दर्यावर्द्याने १९०४ साली ग्रिटव्हिकेन इथे कारखाना काढला. १९६५ पर्यंत या बेटावर पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. पुढे कित्येक दशकं निळा देवमासा इथे क्वचितच दिसे. २०२० च्या पाहणीत पंचावन्न दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांना आनंद झाला!

हत्ती सीलच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. तेलासाठी त्यांचीही शिकार होई. पण १९१० पासून परवाना पद्धत आली. फक्त मोठे नर मारायचे, आणि किनाऱ्याचा एक भाग दरवर्षी आळीपाळीने मोकळा ठेवायचा. यात भूतदया नव्हती, धंद्याचा हिशेब होता. एक बलदंड नर अनेक माद्यांचा कळप राखतो. तो गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. माद्या शाबूत राहिल्या, की पिल्लं होत राहतात. १९६४ साली ही शिकार थांबली तेव्हा जात टिकून होती.

आताचं संकट नेमकं माद्यांवर आलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्ड आयलंडवरच्या स्कुआ पक्ष्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. जानेवारी २०२४ मध्ये तो सीलमध्येही असल्याचं सिद्ध झालं. त्याआधीच अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची त्या हंगामातली शंभरातली पंचाण्णवहून अधिक पिल्लं दगावली होती. साउथ जॉर्जियाच्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींची ड्रोनने घेतलेली छायाचित्रं ताडून पाहिली, तर २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये विणाऱ्या माद्या ४७ टक्क्यांनी कमी भरल्या. २०२५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या साऱ्याच माद्या मेल्या असं नव्हे. काही त्या वर्षी किनाऱ्यावर आल्याच नसतील. तरी आकडा धडकी भरवणारा आहे, कारण मादी वर्षाला एकच पिल्लू देते.

आणखी एक अडचण सांगतो. २०१५ च्या मूल्यमापनात निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा प्राणी 'किमान चिंता' या गटात ठेवला होता. ते मूल्यमापन साथीच्या कितीतरी आधीचं. यादीतला शेरा आणि किनाऱ्यावरची स्थिती यांत असं अंतर पडू शकतं.

फर सीलचं दुखणं निराळं. त्यांची आणि देवमाशांची भिस्त क्रिलवर. आपल्या जवळ्याचा हा थंड पाण्यातला भाऊबंद म्हणा ना! तो मासेमारीच्या जाळ्यातही जातो. त्या मासेमारीच्या मर्यादा ठरवणाऱ्या आयोगावर १९८६ पासून भारतही सदस्य आहे आणि दक्षिण महासागराचा अभ्यास करणारी आपली ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात वास्को इथे आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

समुद्रातल्या सीलला लस कोण टोचणार? बेटावर उतरणाऱ्यांचे बूट धुऊन घेणं, आजारी कळपांपासून लांब राहणं, एवढंच माणसाच्या हाती. विषाणू तोवर पूर्वेकडे सरकतोच आहे: २०२४ मध्ये क्रोझे आणि केर्गुलेन, नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं हर्ड बेट. साथीतून वाचलेलं २०२४ सालचं मादी पिल्लू पहिल्यांदा विणार ते २०२८ च्या आसपास. खरी तूट किती, ते त्यानंतरच्या मोजण्यांतच दिसेल.