वत्सगुल्माचा वारसा आणि अक्षरांची गोडी



राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक रम्य कथा आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत झाला. ते वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. येथील वाकाटक नृपती सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य रचले, तेही संस्कृतात नव्हे, तर प्राकृतात. साहित्याचे लग्नघर म्हणून गौरविल्या गेलेल्या या भूमीतील बालकांना आज वाचता येते काय, हा प्रश्न म्हणूनच अधिक बोचतो.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. ग्रामीण भारताचे चित्र ‘असर’ अहवालांतून दिसते. दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीत जाऊनही वाचनापासून वंचितच आहेत.

याचे एक कारण असे की, अक्षर मुलाला परके वाटते. तांड्यावरील बालकाच्या घरची बोली गोरमाटी, पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. त्यातच रोजगारासाठी आईवडिलांचे स्थलांतर झाले की शाळाही तुटते. मात्र याच मुलाला कितीतरी गाणी मुखोद्गत असतात. हे धन शिक्षणाच्या कामी येऊ शकते.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली हेच सुचले. दूरचित्रवाणीवर गाणे चालू असताना त्याच भाषेतील शब्द पडद्यावर उमटावेत आणि गायनाबरोबर एकेक शब्द उजळत जावा. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गीतांपासून आरंभ झाला आणि २००२ मध्ये ‘चित्रहार’ कार्यक्रमातही हा प्रयोग आला. पुढचा शब्द कोणता, हे कानाला आधीच ठाऊक असते. डोळा केवळ त्याचे रूप ओळखतो. करमणूक चालू राहते आणि वाचनाचा सराव नकळत घडतो.

लोकप्रिय म्हणजे उथळ, अशी सुशिक्षित घरांतून समजूत असते. निवड करताना विवेक हवाच. परंतु कीर्तन, भारूड, गोंधळ ही एकेकाळची लोकरंजनाचीच साधने होती आणि त्यांनी निरक्षर समाजालाही बहुश्रुत केले. ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाच्या गोष्टींसाठी मुलांच्या पिढ्या अक्षरे लावत वाचू लागल्या. ‘बालभारती’ने १९७१ साली सुरू केलेले ‘किशोर’ मासिक आजही निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

तेव्हा कार्य अवघड नाही. हरिपाठ पाठ असलेल्या नातवाच्या हाती आजीने हरिपाठाची पोथी द्यावी आणि म्हणता म्हणता ओळीखाली बोट फिरवावे. तांड्यावरील गीते देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावीत. दूरचित्रवाणी संचावर मराठी शब्दपट्टीची सोय असेल तेथे ती चालू ठेवावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आठवड्यातून एक तास, एका वस्तीत, मुलांसह मोठ्याने वाचन करावे.

वत्सगुल्माचा वारसा शिलालेखांत सुरक्षित आहे. तो मुलांच्या जिभेवर आणि डोळ्यांत उतरविणे, हे मात्र या पिढीचेच कर्तव्य आहे.